उंबरवेढ्याची पोच

२ मार्च
मशीन आलं. टेम्पोतून उतरवताना बबनराव शिपायांनी पाय चेंगरून घेतला आणि बोलणी मात्र मी खाल्ली, दार नीट धरलं नाही म्हणून. दाराशेजारचं डिंकाच्या बाटलीचं टेबल काढून तिथे ते बसवलंय. काचेचा पडदा, खाली तराजू, बाजूला टपाल आत टाकायची झडप. माणसानं स्वतः वजन करायचं, पडद्यावर पत्ता भरायचा, फोनवरून पैसे द्यायचे, चिकटपट्टी निघेल ती लावायची आणि पाकीट झडपेत ढकलायचं. काउंटरवर यायची गरज नाही. म्हणजे माझी गरज नाही.
मराठी बोलतं. बाईचा आवाज. "कृपया आपले टपाल तराजूवर ठेवा." मी नाव ठेवलं, बाईसाहेब.
पोस्टमास्तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं काम हलकं होणार आता." हलकं कशाला म्हणतात ते न कळण्याइतकी मी नवीन नाही.
घरी आले तर हे पत्रिकेचे नमुने पसरून बसलेले. मुक्ताचं लग्न दहा मेला. गणपती डावीकडे की मधोमध, यावर बापलेकीत वाद.

६ मार्च
बाईसाहेबांची ओळखपरेड चालू आहे. कॉलेजच्या मुली चटाचट काम उरकून जातात, माझ्याकडे बघतही नाहीत. वयस्कर लोक आधी माझ्याकडे येतात, मी तिकडे पाठवते, ते परत येतात. एका काकांनी तिच्यापुढे उभं राहायच्या आधी चपला काढल्या. मी म्हटलं, काका, ती देवी नाही. तर म्हणाले, "बोलती तर हाय."
बबनराव तिच्याशी भांडतात. "ठेवलंय की तराजूवर! किती येळा सांगशील!" दुपारची करमणूक झाली आमची.

११ मार्च
हे ऑफिसात आले. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून यांना कुठे जायचं हे रोज शोधावं लागतं, आज बाईसाहेब सापडल्या. बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत होते. मग मला हाक. "अगं, हितं ये जरा."
गावांची यादी होती. त्यात उंबरवेढे.
यांचं गाव. धरणाच्या पोटात आहे. पाणी चढलं तेव्हा हे शाळेत जायला लागले होते नुकते. सासूबाई त्याच्या आदल्या साली गेल्या, नदीकाठी त्यांना पोचवलं, ती जागाही पाण्याखाली. शाळेच्या ओट्यावर टपालाची शाखा होती म्हणतात. लोक उठले, चहूकडे विखुरले, कोणी टाकव्याकडे, कोणी इथे आमच्या रस्त्याला.
मी म्हटलं, जुनी यादी जशीच्या तशी ओतली असणार मशीनमध्ये, सरकारी काम ते. यांचं आपलं नावावर बोट टेकवायचं आणि उचलायचं, असं चाललं होतं.

१९ मार्च
पाडवा. गुढी उभारली, पत्रिकांचे गठ्ठे देवापुढे ठेवले. गणपती मधोमध आला. मुक्ता जिंकली.
पहिली पत्रिका गावदेवाची, भैरोबाची. उंबरवेढेकर अजून पाळतात हे. देव पाण्यात, म्हणून पत्रिका, सुपारी आणि अक्षता धरणाच्या काठावरून पाण्यात सोडायच्या. पाकिटावर फक्त देवाचं नाव. दुसऱ्या कोणाचं घालायचं नाही, हे आमच्या लग्नात मला चुलत सासऱ्यांनी बजावून सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. रविवारी जाऊ.

२२ मार्च
गेलो होतो काठावर. मागच्या खेपेला जिथून उतरलो होतो तिथे तारेचं कुंपण. आत रंगीत तंबू, खुर्च्या, गाणी, कबाबचा धूर. रखवालदार मुलखाबाहेरचा. "अंकल, बुकिंग है क्या?"
हे म्हणाले, देवाला पत्रिका द्यायची आहे. तो म्हणाला, मंदिर उधर है, रोड पे.
दुसरीकडून बघितलं, तिकडेही तार. जिथे तार नाही तिथे कडा सरळ तुटलेला, आणि यांचा गुडघा तर वाकत नाही. तारेला धरून पत्रिका हातात घेऊन उभे राहिले हे. तंबूतली पोरं फोटो काढत होती पाण्याचे. मला इतका राग आला की घरी येऊन भांडी आदळली. यांना राग आला नाही, तेच वाईट वाटलं.

२३ मार्च
यांनी ती पत्रिका बाईसाहेबांकडून पाठवली! मी आत डबा खात होते तेव्हा. काउंटरवर आले असते तर मी परत केली असती. असं ऑफिस नाही, असं गाव नाही, पुढचे या. बाईसाहेबांना नाही म्हणता येत नाही.
संध्याकाळी पावती दाखवली. घेणाऱ्याच्या नावाच्या जागी "समस्त ग्रामस्थ".
अहो, हे काय? देवाचं नाव कुठंय?
"देवाचंच घातलं होतं. ती आडनाव मागती. आडनाव भरल्याबिगर फुडं जाईना. देवाला कुठलं आडनाव? मग नावात समस्त घातलं, आडनावात ग्रामस्थ. घेतलं तिनं."
मी हसले. पोट धरून हसले. मग हे म्हणाले, "आई बी आली ना मग त्यात." माझं हसू तिथेच राहिलं.

२६ मार्च
यांच्या फोनवर मेसेज. "आपले टपाल उंबरवेढे शाखा डाकघरात प्राप्त झाले."
समजावलं यांना. पुण्याला छाननीत कोणीतरी ठप्पा हाणला असेल, मेसेज आपोआप जातात. चार दिवसांत पत्ता अपूर्ण म्हणून परत येईल. मीच आणून देईन तुमच्या हातात.
यांनी मेसेज मुक्ताला वाचून दाखवला, मग शेजारच्यांना.

२८ मार्च
"वितरित."
ऑफिसच्या संगणकावर उघडून बघितलं. सही करायच्या चौकोनात सही नाही. अंगठे. एकावर एक, एकावर एक, चौकोन काळा होईपर्यंत. कडेला एक लहान अंगठा होता, मुलाचा असावा.
पोस्टमास्तर साहेबांना बोलावलं. ते चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, कोणीतरी पोस्टमन कंटाळला असेल, घरबसल्या वितरित दाखवून मोकळा झाला असेल. होतं असं. मीच पकडलेत असले महाभाग. मी विचारलं, पण पोस्टमन कुठला? त्या भागाला माणूसच नेमलेला नाही.
साहेब म्हणाले, "मॅडम, आपण बंद करू हे पान." केलं बंद.

३१ मार्च
हे बदललेत. जेवताना घडाघडा बोलतात. कुणाचं घर कुठे, कुठल्या आळीत कोण. इतक्या वर्षांत मला कधी ऐकवलं नव्हतं. चांगलं वाटायला हवं, वाटत नाही.
आज म्हणाले, "घेतली त्यांनी पत्रिका. आता आणायला जायला पायजे."
उंबरवेढ्याची रीत. नुसत्या बोलावण्यावर कोणी उठून येत नाही. घरातल्या माणसानं नारळ-सुपारी घेऊन जायचं, मुराळी म्हणून, आणि पाहुण्यांना सोबत घेऊन यायचं. लग्न होऊन आले तेव्हा या मुराळ्यांच्या फेऱ्यांनी माझा जीव मेटाकुटीला आला होता.
मी म्हटलं, कोणाला आणायला जाणार? कुठे? हे माझ्याकडे असे बघत बसले, की इतकं साधं मला कसं कळत नाही.

६ एप्रिल
भर दुपारी ऑफिसात कोणी नव्हतं. ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही नाही. बबनराव बाकावर आडवे. बाईसाहेब बोलल्या. "कृपया आपले टपाल तराजूवर ठेवा."
समोर कोणी नाही.
थोड्या वेळानं, "धन्यवाद. वजन नोंदवले आहे."
उठून गेले. पडद्यावर वजन दिसत होतं, तराजू रिकामा. हात लावला तर ओला. पाणी गार, आणि बोटांना बारीक माती लागली. वास आला, तळं आटल्यावर गाळाला येतो तो.
बबनराव म्हणाले, एसीचं पाणी ठिबकतंय. एसी दुसऱ्या भिंतीला आहे. पण मी हो म्हटलं. त्यांनी फडकं मारलं, मी काउंटरवर येऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत तिकडे पाठ केली नाही.

९ एप्रिल
बातमी फुटली. टाकवे बुद्रुकहून गबाजी आबा आले, काठी टेकत. मूळचे उंबरवेढ्याचे, यांच्या वडिलांच्या बरोबरीचे. धोतराच्या सोग्यात तंबाखूची पुडी.
"पोरी, आमच्या बापाला धाडायची हाय."
आबा, ते तर...
"तितंच राह्यला त्यो. आमी समदी उठलो, त्यो न्हाई उठला. म्हनला, मी हितंच बरा हाय. पानी उंबऱ्याला आलं तवा आमी आरडलो लय. आतून कडी घातलेली." मग पुडी पुढे करत, "तंबाखूबिगर त्याला झोप न्हाई यायची."
मी पुडी पाकिटात घालून दिली. काय करणार होते? आबांनी पडद्यावर बोट लावलं, गाव आलं, पुडी झडपेतून आत गेली. आबांनी झडपेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.
त्यांच्यामागे आणखी लोक होते. बांगड्या, लुगडं, पाटी-पेन्सिल. काउंटरवर शुकशुकाट. कोणी रडत नव्हतं. देवळात असतात तसे रांगेत उभे होते सगळे.

१५ एप्रिल
पुण्याहून इंजिनिअर आला. साहेबांनीच तक्रार केली होती. भला मुलगा, घाम पुसत यादी वरपासून खालपर्यंत बघितली. उंबरवेढे नाही.
"मॅडम, हे नाव यात कधी टाकलेलंच नाही."
मग हे मेसेज? ही वितरणं? तो म्हणाला, सर्व्हरकडे विचारावं लागेल. तो चहा घेऊन गेला आणि रांगेतल्या बाईनं बोट लावलं. गाव आलं. ती गेल्यावर मी शोधलं. नाही. पुढचा आला, आलं.
त्यांना दिसतं, आम्हाला नाही. यांच्या बोटाखाली मी स्वतः बघितलं होतं ते, माझ्या बोटाखाली येत नाही. मी त्या गावची सून आहे की नाही? राग आला, आणि मग स्वतःचंच भय वाटलं, की मला राग याचा येतोय.

२१ एप्रिल
भांडण झालं. मोठं.
हे आमची जुनी व्हॅन धूत होते. मागची बाकं बाहेर काढून, घासून. म्हणे हळदीला आणायचंय, सगळ्यांना बसता आलं पाहिजे, म्हातारी माणसं आहेत. मी बादली लाथेनं उडवली. या वयात.
अहो, दर हंगामाला तिथे माणसं बुडतात. पोहणारी, तरणीताठी. काठाला गाळ आहे, पाय ठेवला की आत. तुम्हाला पोहता येत नाही, गुडघा वाकत नाही. हळदीच्या दिवशी मुलीला काय सांगू मी?
"मी पान्यात उतरनार न्हाई. काठावर नारळ ठेवायचा, हाक मारायची. येतील ती."
आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली तर?
नाही म्हणाले असते तर मी शांत झाले असते. म्हणाले नाहीत.
मुक्ता म्हणते, आई, बाबा खूश आहेत, असू दे ना. तिला काय सांगणार? मला नवरा हवाय. लग्नातही आणि लग्नानंतरही. घर रिकामं होणार आहे, त्यात हा एकच माणूस उरणार आहे मला.

२७ एप्रिल
एक उपाय सुचला होता. टपाल परत मागवता येतं, पाठवणाऱ्यानं अर्ज दिला तर. यांच्या नावानं अर्ज मीच भरला, सहीसुद्धा मीच ठोकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. साहेबांनी वाचला आणि परत दिला. "वाटेत असेल तोवर येतं मागवता. वितरित झालेलं कसं मागवणार, मॅडम? तुम्हीच शिकवता लोकांना."
मग निर्लज्जासारखी बाईसाहेबांपुढे उभी राहिले. पावतीचा नंबर घातला. "आपले टपाल वितरित झाले आहे. आणखी काही पाठवायचे आहे का?"
हे ती सगळ्यांनाच विचारते. मला माहीत आहे.

४ मे
यांच्या फोनवर मेसेज. मला दाखवायलाच ऑफिसात आले, पायात दोन वेगळ्या चपला.
"उंबरवेढे शाखा डाकघर. घेऊन जाण्यासाठी तयार. कृपया येऊन घेऊन जावे."
असा मेसेज पार्सलचा असतो. घरी माणूस भेटला नाही की जातो.
"बघ," हे म्हणाले, "आवरून बसलीत."
इतका आनंद या माणसाच्या चेहऱ्यावर मुक्ता झाली तेव्हा बघितला होता. मी म्हटलं, चपला बदला.

८ मे
उद्यापासून रजा. आज काम संपवून, बबनराव खिडक्या लावत होते तेव्हा, बाईसाहेबांकडे गेले.
पिशवीत खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या. ओटीचं. सासूबाईंची ओटी मी कधी भरलेली नाही. त्यांचा फोटोही नाही घरात. हे सांगतात, उंच होत्या आणि मोठ्यानं हसायच्या, एवढंच.
यादीवर बोट लावलं. उंबरवेढे होतं. माझ्या बोटाखाली.
पत्ता भरला. नाव, चंद्रभागा. आडनाव, माझंच. खाली संदेशाची जागा असते, वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे लिहायला. त्यात लिहिलं, "लग्नाला या. पण ह्यांना मला परत द्या."
"धन्यवाद. वजन नोंदवले आहे."
बबनरावांनी विचारलं, मॅडम, रडताय का? मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, रडू नको तर काय करू.

९ मे
हळद. सकाळी हे नारळ-सुपारी घेऊन गेले. घरात पाहुणे, व्याह्यांकडची उष्टी हळद यायची, मला हलता येईना. जाताना मी दारात उभी राहिले, हात धरला. हे म्हणाले, "येतो की." येतो म्हणाले, जातो नाही.
सबंध सकाळ मी काय केलं ते आठवत नाही. गुळाच्या जागी चहात मीठ घातलं म्हणे.
उन्हं डोक्यावर आली तेव्हा व्हॅन आली. हे उतरले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. मागचं दार उघडून धरलं, बराच वेळ, आणि एकेकाला वाट द्यावी तसे बाजूला सरकले. बाकं भिजलेली. टपकत होती.
मी विचारलं, आणलं?
"व्हय."
रखवालदारानं सोडलं कसं? "त्यानंच तार वर धरली," म्हणाले, "आमी समदी निघंस्तवर. मग कुटं पळाला कुणास ठाऊक."
घर गार पडलं त्यानंतर. बायका म्हणाल्या, अगंबाई, कूलर बसवला का? हळद लावताना मुक्ता दचकली. मागे वळून बघितलं तिनं. मला हळूच म्हणाली, "आई, कोणाचा गं तो हात? किती गार." मी म्हटलं, आजीचा असेल. चटकन निघून गेलं तोंडातून. ती हसली, थट्टा वाटली तिला.

११ मे
काल लग्न लागलं. छान लागलं. जेवण चांगलं झालं, व्याह्यांना नावं ठेवायला जागा मिळाली नाही.
पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि माणसं मागे उभी. मी व्याह्यांकडच्या, इंदुरीच्या एका मावशींना म्हटलं, बसा ना पुढे. त्या म्हणाल्या, "भरल्यात की सगळ्या." मी बघितलं. रिकाम्या. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. अक्षता पडताना मात्र मागून येतात तशा पुढूनही आल्या, मुक्ताच्या कपाळाला चिकटल्या. ओल्या होत्या.
पाठवणीच्या वेळी यांनी मुक्ताला त्या खुर्च्यांपुढे नेलं आणि नमस्कार करायला लावला. कडेच्या खुर्चीपुढे ती जरा जास्तच वाकली. नंतर म्हणाली, आई, कोणीतरी मोठ्यानं हसलं तिथे.
मी रडले. भीतीनं नाही. सासूबाईंनी नात बघितली म्हणून. हे इथे लिहून ठेवते, कोणाला सांगता येणार नाही.

१२ मे
पाहुणे गेले. आमचे गेले. यांचे आहेत.
बाहेरच्या खोलीतली फरशी पुसली की पुन्हा ओली होते. माठ भरला की रिकामा. हे तिथेच बसतात, मान हलवतात, मधूनच "व्हय, व्हय" म्हणतात. माझ्याशी कामापुरतं. सकाळी मी चहा नेला तर माझ्याकडे कोण आलं असं बघितलं. क्षणभरच, पण बघितलं. चहा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.
म्हटलं, अहो, लग्न झालं. आता पोचवायला हवं ना त्यांना?
"व्हय. आनलं त्यानंच पोचवायचं. आज निघायचं म्हनत्यात."
बरं वाटलं. मग कपाट उघडलं तर यांचे कपडे नाहीत. पिशवी व्हॅनमध्ये, पुढच्या सीटवर. धुतलेले शर्ट, टॉवेल, पांघरूण. दाढीचं सामानसुद्धा.
पोचवून यायचंय तर पिशवी कशाला?
यांनी खाली बघत चपला घातल्या. रागावता तरी यावं मला, तेही येईना. यांच्या चेहऱ्यावर आपल्या घरी निघालेल्या माणसाचा चेहरा होता, आणि मी इतकी वर्षं ज्याला घर म्हणते ते मागे, मोरीत माझी भांडी पडलेली.
मी पाठवलेल्या ओटीचा मेसेज आलेला नाही. प्राप्त नाही, वितरित नाही, काही नाही. फोन हातातच आहे.
हे आत्ता अंगणात व्हॅनचं मागचं दार उघडून उभे आहेत. गाडी मागे खचतेय. थोडी, मग आणखी थोडी. मी खिडकीतून बघत लिहितेय, अक्षर बिघडतंय. पिशवी उचलून मी घरात आणून टाकली आहे. तिच्या जागी मी बसणार. कुलूप शेजारी देऊन ठेवते. नको म्हणाले तरी उतरणार नाही.
गुरुवारी मुक्ताला इंदुरीहून आणायचंय, मांडवपरतणीला. मुराळी म्हणून बापच येईल, असा मी व्याह्यांना शब्द देऊन बसले आहे. ती पोर दाराशी वाट बघेल. हे यांना गाडीत सांगणार आहे. मोठ्यानं सांगणार आहे, मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.